बिघडवलं पहिल्या गॅरेजने, पण केस हातातून जाते दुसऱ्या गॅरेजमध्ये

समजा, आठ वर्षं जुनी गाडी आहे. मुंबईहून नाशिकला जाताना कसारा घाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो आणि बॉनेटखालून वाफ यायला लागते. टोचन लावून गाडी गॅरेजमध्ये जाते. मेकॅनिक सांगतो, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." चार दिवसांनी गाडी परत मिळते. बिल २८ हजार. बाराव्या दिवशी पुन्हा तीच वाफ. आता तोच मेकॅनिक म्हणतो, "साहेब, तेव्हाचा प्रॉब्लेम वेगळा होता, हा वेगळा आहे. खोलायचं लेबर परत पडेल."

मालक चिडतो, गाडी दुसऱ्या गॅरेजला नेतो. दुसरा मेकॅनिक इंजिन खोलतो, मान हलवतो आणि ते ठरलेलं वाक्य बोलतो, "कुणी केलं हो हे काम?" आणखी ३५ हजार जातात, पण गाडी ठणठणीत होते. मग मालक दोन्ही बिलं फाइलला लावून ग्राहक आयोगात जायचं ठरवतो.

ही गोष्ट कुणा एकाची नाही आणि आकडेही उदाहरणादाखल आहेत. पण गाडी असलेल्या बहुतेक घरांत यातला निम्मा तरी भाग कुणीतरी अनुभवलेला असतो. कायद्याच्या बाजूने पाहिलं, तर या मालकाची मोठी चूक पहिलं गॅरेज निवडणं ही नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन खोललं गेलं, त्या दुपारीच त्याच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा संपला.

असं का, हे समजायला आधी बॉनेटखाली डोकवावं लागेल.

हेड गॅस्केटचं काम इतकं वादाचं का असतं?

इंजिनाचे ढोबळ दोन भाग असतात. खाली ब्लॉक, वर हेड. दोघांच्या मध्ये जी पातळ पट्टी बसते ती गॅस्केट. सिलिंडरमधला दाब, ऑइल आणि कुलंट एकमेकांत मिसळू न देणं हे तिचं काम. इंजिन जास्त तापलं की ॲल्युमिनियमचं हेड किंचित वाकू शकतं, आणि मग गॅस्केट कुठेतरी जागा सोडतं.

म्हणजे नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेड सपाट आहे का हे तपासायचं, नसेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्यायचं. बसवताना हेडचे बोल्ट कंपनीने दिलेल्या क्रमानेच, साधारणपणे मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंच लावून आवळायचे. अनेक इंजिनांत हे बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नसतात, नवे घालावे लागतात. कुलंट भरताना आत अडकलेली हवा काढायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी मुळात तापली कशामुळे ते शोधायचं. थर्मोस्टॅट अडकला होता का, रेडिएटरचा फॅन बंद होता का, वॉटर पंप गेला होता का? ते तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही जुन्याच्या वाटेने जातं.

आता बिलाकडे बघा. त्यावर लिहिलेलं असतं, "हेड गॅस्केट बदलले, लेबर". फेसिंग झालं की नाही, बोल्ट नवे की जुने, टॉर्क रेंच वापरला की अंदाजाने पाना फिरवला, यातलं काहीच त्यावर नाही.

त्यामुळे बाराव्या दिवशीच्या वाफेमागे निदान तीन शक्यता उरतात. एक, काम अर्धवट झालं होतं. दोन, काम नीट झालं होतं, पण आता फॅनचा रिले गेला. तीन, काटा लाल झाल्यावरही मालकाने "आता घर जवळच आहे" म्हणत आणखी दहा किलोमीटर गाडी रेटली. ही तिसरी शक्यता कुणी स्वतःहून सांगत नाही, पण गॅरेजचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. तिन्ही वेळा वाफ सारखीच दिसते. फरक कळतो तो इंजिन खोलल्यावर, आणि इंजिन तर दुसऱ्या मेकॅनिकने खोलून, साफ करून, नवं गॅस्केट टाकून बंदही केलेलं असतं.

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे ना?

आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या बरीच मोकळी आहे. कामाच्या दर्जात किंवा ते करण्याच्या पद्धतीत कमतरता राहिली, निष्काळजीपणा झाला, इतकंच काय, ग्राहकाला सांगायला हवी होती ती माहिती जाणूनबुजून दडवली, तरी ती त्रुटी. जुनेच बोल्ट वापरले आणि सांगितलं नाही, हे त्यात बसू शकतं.

पण त्रुटी झाली हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं. ते प्रकरण गाड्यांचं नव्हतं, मात्र तत्त्व गॅरेजलाही तसंच लागू होतं. गाडी पुन्हा बंद पडली, एवढ्यावरून मेकॅनिकची चूक ठरत नाही.

आणि सिद्ध करायचं कशावर? याच कायद्याचं कलम ३८ सांगतं की जिल्हा आयोगाने तक्रार शपथपत्रं आणि कागदपत्रांच्या आधारे ऐकायची. सिनेमातल्यासारखी मेकॅनिकची उलटतपासणी सहसा होत नाही. दुसऱ्या मेकॅनिकचं "कुणी केलं हो हे काम?" कितीही खरं असलं, तरी कागदावर आल्याशिवाय त्याला किंमत नाही. कागदावर आलं तरी पहिल्या गॅरेजकडे उत्तर तयार असतं, की हा आमचा धंद्यातला स्पर्धक आहे आणि इंजिन खोललं तेव्हा आम्हाला बोलावलंच नव्हतं. हे उत्तर चुकीचंही म्हणता येत नाही.

मग बाराव्या दिवशी करायचं काय?

पहिलं म्हणजे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि काट्याचा व किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढायचा. त्यानंतर पहिल्या गॅरेजला लेखी कळवायचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेजही चालेल, पण त्यात तारीख, किलोमीटर, नेमकं काय झालं आणि "गाडी तपासून द्या, अमुक दिवसांत उत्तर द्या" हे स्पष्ट हवं. फोनवर झालेल्या भांडणाचा नंतर काही उपयोग नसतो. या मेसेजने दोन गोष्टी होतात. गॅरेजला चूक सुधारण्याची संधी दिली हे दिसतं, आणि तक्रार लगेच केली हेही.

गॅरेजने हात झटकले, तर दुसरं मत घ्यायचं, पण न खोलता. कुलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट, कंप्रेशन टेस्ट, स्कॅनर लावून दिसणारे कोड हे सगळं इंजिन न उघडता होतं. त्याचा लेखी रिपोर्ट, सही-शिक्क्यासह घ्यायचा. खोलणं टाळता येणारच नसेल, तर पहिल्या गॅरेजला तारीख आणि वेळ कळवून "हजर राहा" असं लिहायचं. ते आले नाहीत तरी आपण बोलावलं होतं, ही नोंद राहते. शक्य असेल तर मोटार सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअर अशा तिऱ्हाइताला उभं करायचं. बोल्ट सुटण्यापासून हेड उचलेपर्यंत सलग व्हिडिओ घ्यायचा आणि निघालेले पार्ट ताब्यात ठेवायचे.

हे वाचायला सोपं आहे, करायला नाही, हेही मान्य करायला हवं. ज्याची रोजीरोटी त्या गाडीवर आहे, तो ती किती दिवस उभी ठेवणार? कायद्यात तक्रार शक्यतो ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर ५ महिन्यांत निकाली काढावी असं म्हटलंय. प्रत्यक्षात तारखा त्यापलीकडे सहज जातात. म्हणून गाडी दुरुस्त करून घेण्यात गैर काहीच नाही. फक्त दुरुस्तीच्या आधीच्या अवस्थेची नोंद हवी.

"पैसे द्या, मग चावी घ्या"

बिलावरून वाद झाला की गॅरेजवाला गाडी सोडत नाही. ही दादागिरी वाटते, पण त्याला कायद्याचा आधार आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च करून काम केलं, तो मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवू शकतो. कायद्यातलं उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याचं आहे. तिथेच दुसरं उदाहरण शिंप्याचं आहे. त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर कोट अडवून ठेवता येत नाही.

मात्र या हक्काला मर्यादा आहेत. काम ठरलेल्या उद्देशाप्रमाणे झालेलं हवं. तुम्ही सांगितलंच नव्हतं ते काम करून त्याच्या पैशांसाठी गाडी अडवली, तर गॅरेजची बाजू कमजोर होते. शिवाय हा हक्क गाडी ठेवून घेण्याचा आहे, विकण्याचा किंवा वापरण्याचा नाही. गाडी ताब्यात असेपर्यंत ती स्वतःची असल्यासारखी नीट सांभाळणं, ही जबाबदारी कलम १५१ गॅरेजवर टाकतं.

गाडी लगेच हवी असेल, तर पैसे ऑनलाइन भरावेत आणि त्याच वेळी "हे पैसे हरकत नोंदवून देत आहे, काम मान्य नाही" असं लेखी कळवावं. काहीच न लिहिता बिल भरून, "काम समाधानकारक" या छापील ओळीखाली सही करून गाडी नेली, की पुढे तीच सही समोर येते.

बिलाचंही एक गमतीशीर प्रकरण आहे. "पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के वाढतील" हे ऐकून बहुतेक जण कच्च्या चिठ्ठीवर खूश असतात. वाचलेले पैसे दिसतात, गेलेला पुरावा दिसत नाही. गल्लीतल्या मेकॅनिकची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. पण नोंदणी नाही म्हणून बिल नाही, असं होत नाही. जीएसटी न लावता साधं बिल तो देऊ शकतो. केलेल्या कामाचं बिल किंवा पावती न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

मेकॅनिकची बाजूही ऐकायला हवी. फेसिंगचा खर्च सांगितला की "ते राहू दे, नुसतं गॅस्केट टाका" म्हणणारे ग्राहक कमी नसतात. पार्ट स्वतः ऑनलाइन मागवून आणणारेही असतात. तो पार्ट निकृष्ट निघाला तर फार तर बसवण्याची जबाबदारी गॅरेजची, पार्टची नाही. अशा वेळी शहाणा मेकॅनिक जॉब कार्डवर "ग्राहकाने नकार दिला" लिहून सही घेतो. न लिहिणारा मेकॅनिक ग्राहकाइतकाच अडकतो.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते?

सर्व्हिस सेंटरमध्ये ही भीती हमखास घातली जाते. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजना सहज मिळू न देणं, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. ग्राहक बाहेरच्या गॅरेजला गेला एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही आयोगाने म्हटलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल, तर तेवढ्यापुरती गोष्ट वेगळी. हे प्रकरण पुढे अपिलांमध्ये गेलं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत.

तक्रार कुठे, किती खर्चात?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. इथे निकाल लागत नाही, पण कंपनीच्या अधिकृत सेंटरविरुद्धची तक्रार अनेकदा इथेच हलते. गल्लीतल्या गॅरेजबाबत तेवढी आशा ठेवू नये.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी कुठेही दुरुस्त केलेली असो, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. दुरुस्तीसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. टॅक्सी किंवा टेम्पो स्वतः चालवून पोट भरणाराही ग्राहक ठरतो. व्यवसायासाठी गाड्यांचा ताफा ठेवणाऱ्याची वाट मात्र अवघड असते. निकाल बाजूने लागला, तर बिलाचा परतावा, दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च, भरपाई आणि तक्रारीचा खर्च मिळू शकतो. गॅरेजला अपील करायचं असेल, तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

या सगळ्याआधी बहुतेकांचा हात मोबाइलकडे जातो. गॅरेजच्या दारात उभं राहून रील टाकणं सोपं आहे, पण "चोर", "फसवणूक करणारे" असे शब्द वापरले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची उलटी तक्रार होऊ शकते. जे घडलं ते तारखेसह, बिलासह लिहिणं वेगळं. शिवाय त्या रीलमध्ये आरडाओरडा भरपूर असतो आणि पार्टचा नंबर कुठेच नसतो.

खरा उपयोगी व्हिडिओ त्याच्या बाराच दिवस आधी घ्यायचा होता, पहिल्या गॅरेजमध्ये हेड उतरवलं तेव्हा. आणि गाडी घेताना मागायचं होतं ते जुनं गॅस्केट. अनेक सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर जुने पार्ट परत हवेत का, असा छोटा रकाना असतो आणि बहुतेक जण तो रिकामाच सोडतात. गॅस्केटवर जिथून दाब सुटला तिथे अनेकदा जळाल्यासारखा काळा डाग असतो. पहिल्या गॅस्केटवर जिथे तो होता, नेमक्या त्याच जागी दुसऱ्यावरही निघाला, तर हेड सपाट करून घेतलं होतं का, हा प्रश्न मालकाला विचारावा लागत नाही. त्याचं उत्तर गॅरेजला द्यावं लागतं.