चांदरात आणि ड्युटी चार्ट

माझी भाची एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिच्या वॉर्डाचा ड्युटी चार्ट इन्चार्ज सिस्टर वहीत हाताने लिहितात. २०२५ च्या रमजान ईदला, ३१ मार्चला, तिची मॉर्निंग लागली होती. आदल्या संध्याकाळी चाँद दिसला, घरात मुबारकबादी सुरू झाली आणि ही फोनवर एकेकीला ड्युटी बदलून मागत बसली. एका मैत्रिणीने दिली. त्या बदल्यात हिने सलग तीन नाइट केल्या. "मामू, सुट्टी मिळाली, पण उपकार म्हणून," ती म्हणाली. तो शब्द मला लागला.

मी शिक्षक. शाळेचं वेळापत्रक अनेक वर्षं मी केलंय. शेवटचा तास कोणाला द्यायचा, ऑफ तास कोणाचा घ्यायचा, हे ठरवणाऱ्याच्या पेन्सिलीत किती सत्ता असते ते मला माहीत आहे. रुग्णालयात तर चोवीस तास, तीन पाळ्या. तिथे ही पेन्सिल माणसाची झोप ठरवते आणि रुग्णाची सुरक्षितताही.

आता तिच्या रुग्णालयात हे काम सॉफ्टवेअरवर जाणार आहे. प्रत्येक पाळीत किती जणी हव्यात, त्यात अनुभवी किती, दोन ड्युट्यांमध्ये किती विश्रांती, कोणी कोणती रजा मागितली, हे सगळं भरायचं. चार्ट तयार होऊन मोबाइलवर येतो. मी याच्या बाजूने आहे. कोणाच्या वाट्याला किती नाइट आल्या, हे त्यात सगळ्यांना दिसू शकतं. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार दोन कामाच्या दिवसांमध्ये सर्वसाधारणपणे सलग ११ तासांची विश्रांती हवी. रात्री ९ ला सुटलेल्या नर्सला सकाळी ७ ला बोलावलं तर सॉफ्टवेअर तिथेच अडवू शकतं. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांबद्दल लॉर्ड कार्टर यांचा २०१६ चा अहवाल आहे. चार्ट किमान सहा आठवडे आधी जाहीर करावा, असं त्यात सुचवलं आहे.

पण सहा आठवडे आधी ईद कुठे ठरलेली असते? २०२४ मध्ये आपल्याकडे ती ११ एप्रिलला होती, पुढच्या वर्षी ३१ मार्चला. नक्की दिवस चांदरातीलाच कळतो. यंत्राला हे आपोआप समजणार नाही. दोन्ही संभाव्य दिवस आधीच नोंदवायचे आणि आयत्या वेळची अदलाबदल सर्वांसमोर करायची, असा नियम कुणीतरी घालावा लागेल. रोजा असलेल्या नर्सला इव्हनिंग ड्युटीत इफ्तारपुरती पंधरा मिनिटं हवी असतील, तर तेही आधी सांगावं लागेल.

मात्र हिशेब उघड झाला की तो आपल्यालाही लागू होतो. ईदला सुट्टी हवी, तर लक्ष्मीपूजनाची किंवा ख्रिसमसची नाइट आपण कुणी सांगण्याआधी मागून घेतली पाहिजे. आपल्या मुलींनी ही सवय लावून घेतली, तर "तुमच्या लोकांना नेहमी सवलत हवी" हे ऐकावं लागणार नाही.

एक भ्रम मात्र नको. तीस रुग्णांना दोनच नर्स असतील, तर सॉफ्टवेअर तिसरी नर्स निर्माण करत नाही. तुटवडा नीट रकान्यांत मांडतं, एवढंच. शिवाय तयार चार्ट मागच्या दाराने कोणी बदलला, याची नोंद राहिली नाही, तर वहीच बरी होती म्हणायची वेळ येईल.

भाचीच्या रुग्णालयात बटणं कशी दाबायची याचं प्रशिक्षण ठेवलंय. मी तिला म्हटलं, जरूर जा. पण आधी विचार, यात नियम कोण भरणार आणि त्या बैठकीत एक तरी नर्स असणार का? हा प्रश्न तिने एकटीने विचारू नये. दिवाळीची सुट्टी हवी असलेलीने आणि ईदची हवी असलेलीने तो मिळून विचारावा.