खेळातलं जहाज आणि गॅसवरचं दूध

यंदाच्या सुट्टीत मुलानं मला ‘ईव्ह ऑनलाइन’ शिकवला. आइसलँडच्या एका कंपनीनं २००३ साली काढलेला हा अंतराळातल्या व्यापाराचा नि लढाईचा खेळ. स्वस्तात माल घ्यायचा, जहाजात भरायचा, महाग असेल तिथं विकायचा. वारणा बाजारात भाव बघून महिन्याचं सामान भरणाऱ्या मला हे काय अवघड, असं वाटलं!

दोघांची दीड महिन्याची कमाई मी एकाच जहाजात भरली, ते आपोआप चालायला सोडलं आणि गॅसवरचं दूध उतरवायला गेले. परत येऊन बघते तो जहाज लुटलेलं. मुलाचा चेहरा बघवेना. तेव्हा नव्यानं खेळणाऱ्यांनी एवढं सांभाळा :

१. सुरुवातीला ०.५ किंवा जास्त सुरक्षितता असलेल्या भागातच फिरा. मात्र तिथले पोलीस हल्लेखोराला शिक्षा करतात, तुमचा माल परत देत नाहीत.

२. मौल्यवान माल असेल तर जहाज स्वतः चालवा. आपोआप चालणारं जहाज दारापासून लांब थांबून मग हळूहळू सरकतं. लुटारू तिथंच टपलेले असतात.

३. विमा जहाजाचा मिळतो, मालाचा नाही. गेलं तरी झोप लागेल, एवढंच एका खेपेला भरा.

४. तोटा भरून काढायला खरे पैसे घालू नका.

मी त्या रात्री घालणारच होते. मुलगाच म्हणाला, “राहू दे गं आई, पुन्हा मिळवू.”

आता आम्ही छोट्या खेपा करतो, दूध उतरवून झाल्यावर!