पोटाचे डायलिसिस आणि केळ्याचे पथ्य

मूत्रपिंडाच्या रुग्णाला केळी, नारळपाणी वर्ज्य, हे घरच्यांना पाठच असते. पोटाच्या डायलिसिसमध्ये मात्र हेच पथ्य कधीकधी अंगाशी येते. पोटात सोडायच्या द्रवात सहसा पोटॅशियम नसतेच, त्यामुळे द्रव बदलताना रक्तातले पोटॅशियम रोज बाहेर जाते. द्रवातल्या साखरेने इन्सुलिन वाढते आणि आणखी थोडे पेशींत शिरते. त्यातच भूक मंदावलेली! प्रमाण लिटरमागे ३.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली घसरले की पाय गळतात, शौचाला होत नाही, छातीत धडधडते. पोटात जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. रुग्ण मात्र ‘अशक्तपणा, दुसरे काय’ म्हणून गप्प राहतो. रक्ततपासणी करून डॉक्टरांकडून पथ्याचा कागद बदलून घ्यावा. आपल्या मनाने नारळपाणी सुरू करू नये. पोटॅशियम जास्त झाले तरी हृदयाला घातकच.