सामान एकदाच सोडायचं

आमच्या इंद्रवेल्लीत सहल म्हणजे गाडी भरून जायचं. क्रूझर ठरवायची, त्यात बारा माणसं, दोन लेकरं मांडीवर, मागे स्टोव्ह आणि तांदळाची पिशवी. माहूर, बासर, शिर्डी, पंढरपूर. चार दिवसांत सहा ठिकाणं झाली नाहीत तर पैसे वाया गेले असं समजतात. म्हणून दिवाळीत मी घरी सांगितलं, की फेब्रुवारीत आम्ही दोघं आठवडाभर दीवला जाऊन राहणार आहोत, तेव्हा मायचा पहिला प्रश्न होता, "दोघंच?" आणि दुसरा, "तिथं देव कोणता हाय?"

दोन्ही प्रश्नांवर घरात महिनाभर चर्चा चालली. या महिन्याचा लेख त्याच चर्चेचा आहे, आणि मधे मधे प्लॅनिंगचाही. आपल्यापैकी कुणाला असाच आठवडा काढायचा असेल तर हिशेब उपयोगी पडेल.

कल्पना बायकोची. ती जवळच्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी, लसीकरण, बाळंतपणं. फोन वाजला की उठायचं. माझं काम घरूनच चालतं, म्हणजे मीही सतत घरात. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत आम्ही फिरलो नाही असं नाही, पुष्कळ फिरलो. पण प्रत्येक वेळी कुठे ना कुठे नवस बोलायला किंवा फेडायला. आम्हाला मूल नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इथे लपवण्यासारखं काही नाही. कुणी सांगितलं अमुक देवस्थान, की निघालो. एकदा हैदराबादला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, तीही आमची सहलच धरली गेली. तर ती म्हणाली, "या वेळी कुणाकडे काही मागायला जायचं नाही. एका गावात जायचं, सामान एकदाच सोडायचं, आणि सात दिवस मला कुणी उठवायचं नाही. तुम्हीसुद्धा."

मग गाव कोणतं? अंदमान मी आधी काढलं. विमानं बदला, बोटीची तिकिटं काढा, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जा. त्यात सामान चार वेळा सुटतं. गोव्यात आमचे दोन चुलतभाऊ नोकरीला आहेत, म्हणजे सात दिवस सात जेवणं. कोकण खरंच छान, पण आमच्याकडून जाताना पुण्या-मुंबईचे नातेवाईक टाळून कोकणात पोचणं माणसाला शक्य नाही. दीव मी बीईच्या शेवटच्या वर्षी मित्रांबरोबर एक दिवस पाहिलं होतं. आठवण एवढीच, की दुपारी तीन वाजता सगळं गाव झोपलेलं होतं. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ठरलं.

दीव हे काठियावाडच्या दक्षिण टोकाला चिकटलेलं बेट. लांबी जेमतेम दहा-बारा किलोमीटर. मधे खाडी, खाडीवर पूल, त्यामुळे बोटीची भानगड नाही. अक्षांश 20.7, आपल्या इंद्रवेल्लीचा साडेएकोणीसच्या आसपास, म्हणजे सूर्य जवळपास तोच. पण आपल्याकडे जानेवारीत शेकोटी सुटत नाही आणि मे महिन्यात अंगण तव्यासारखं तापतं. तिथे समुद्र दोन्ही टोकं बोथट करतो. फेब्रुवारीत अंगावर शाल नको आणि पंखाही नको, असे दिवस असतात.

महिना ठरवणं आमच्याकडे सोपं नसतं. संक्रांतीपर्यंत कापूस वेचणी, मग विक्री. पौष अमावस्येला केसलापूरला नागोबाची जत्रा, तेव्हा अख्खा मंडल तिकडे आणि दवाखान्याला रजा बंद. मार्चमध्ये ऊन. उरला फेब्रुवारी. दिवाळीच्या सुट्टीत दीवला मुळीच जाऊ नये, कारण त्या दिवसांत अर्धा गुजरात तिथे असतो. गुजरातेत दारूबंदी आणि दीव केंद्रशासित, हे त्याचं उघड कारण. शनिवार-रविवारीही तेच. म्हणून मी आठवडा असा बसवला, की रविवारी दुपारी आपण पुलावरून आत शिरायचं तेव्हा गर्दी बाहेर निघालेली असेल, आणि शनिवारी सकाळी आपण निघायचं तेव्हा ती आत येत असेल. सहा रात्री, खोल्याही स्वस्त. (कुणाला जाताना बाटली सोबत न्यायचा मोह होईल त्यांना सांगून ठेवतो: हद्दीवर तपासणी असते आणि गुजरातेत तो गुन्हा आहे.)

जाण्याचा मार्ग असा. इंद्रवेल्लीहून बसने आदिलाबाद, चाळीसेक किलोमीटर. तिथून नंदीग्राम एक्सप्रेसने किनवट, नांदेड, परभणी, औरंगाबाद, मनमाड करत दुसऱ्या दिवशी मुंबई. मुंबईहून रात्रीच्या प्रवासाने वेरावळ. वेरावळहून कोडीनार, ऊना आणि मग दीव, साधारण नव्वद किलोमीटर बसने. दीवला छोटं विमानतळ आहे, पण लहान विमानांची वेळापत्रकं बदलत राहतात. ती बघूनच बेत करावा. आम्ही रेल्वेच घेतली. शुक्रवारी निघालो की रविवारी दुपारी पोचतो. दोन रात्री गाडीत जातात हे खरं, पण बायकोचं म्हणणं, गाडीत तिला कुणी सलाईन लावायला बोलावत नाही.

आता मायचा दुसरा प्रश्न. वेरावळला उतरलं की सोमनाथ सहा-सात किलोमीटरवर. बारा ज्योतिर्लिंगांतलं पहिलं. मला वाटलं, सुटलो. घरी सांगायचं की सोमनाथाला चाललो, जवळच दीव आहे, तिथे मुक्काम करू. बाबा तर लगेच खूश झाले, "मंग आम्ही बी येतो" इथपर्यंत गोष्ट आली. तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "आत्या, आम्ही देवासाठी जात नाही. मला झोपायला जायचंय. सोमनाथ वाटेत आहे, दर्शन घेऊ, पण नवस बोलणार नाही." मी खाली बघत होतो. आमच्या घरात सुनेने असं बोलायची पद्धत नाही. नंतर ती मला म्हणाली, "देवाला जायचं तर सरळ देवाला जाऊ. आडोसा म्हणून त्याला कशाला मधे उभा करायचं?"

माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लॅपटॉपशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "समुद्र दाखव बरं." मी नकाशा मोठा केला. तिने सगळ्यात आधी विचारलं, "विहिरी गोड्या हायत का खाऱ्या?" मला माहीत नव्हतं. मला किल्ला माहीत होता.

किल्ल्याचं थोडं सांगतो, कारण तो आपल्या माणसांना परका नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढच्याच वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगी. हुमायूं मागे लागलेला होता, त्याला मदत हवी होती. 1537 मध्ये त्याच दीवच्या समुद्रात त्याचा पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत अंत झाला. म्हणजे चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकलेली वसई आणि हे दीव, दोन्ही एकाच सुलतानाच्या अडचणीतून पोर्तुगीजांना मिळाली. त्याही आधीचा धागा चौलचा. 1508 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलजवळ पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत मारला गेला, आणि बापाने त्याचा सूड 3 फेब्रुवारी 1509 रोजी दीवच्या समुद्रात घेतला. वसई आपण परत घेतली. दीव मात्र गोवा, दमणसोबत 19 डिसेंबर 1961 लाच सुटलं. गोव्याच्या मुक्तीबद्दल आपण पुष्कळ वाचतो, दीवचं नाव यादीत शेवटी येतं आणि तिथेच संपतं.

मी नेहमीच्या सवयीने एक एक्सेल शीट केली होती. सात दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, एकवीस खाने. किल्ला, खाडीतला पाणीकोठा, सेंट पॉल चर्च, सेंट थॉमस चर्चमधलं संग्रहालय, नायडा गुंफा, नागोवा, जालंधर, घोघला, पश्चिम टोकाचं वणाकबारा, आणि एक दिवस गीरचे सिंह. तिने पेन मागितलं. लॅपटॉपवर पेन चालत नाही म्हटल्यावर प्रिंट काढायला लावली. मग गीर खोडलं, "पहाटे चारला उठून जीपमध्ये? ती तर माझी ड्यूटी झाली." दुपारचे सातही खाने खोडले. नागोवा ठेवला, कारण तिथला किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आणि पाणी शांत आहे. पोहता न येणाऱ्याला भीती कमी. घोघला ठेवला, त्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मिळाला आहे, म्हणजे कपडे बदलायला नीट सोय असेल, हा तिचा तर्क. वणाकबाऱ्याला कोळ्यांचं बंदर आहे, लाकडी होड्या बांधतात. ते मला हवं होतं म्हणून राहू दिलं. होका नावाचा ताडही मी हट्टाने ठेवला. आपल्याकडे ताड आणि सिंदी बघत आपण मोठे झालो, पण फांद्या फुटलेला ताड कुणी पाहिलाय? तिथे नागोव्याच्या वाटेवर ते रांगेने उभे आहेत.

खुकरीचं स्मारक तिने स्वतःहून वर लिहिलं. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. किनाऱ्यावर उंचवट्यावर जहाजाची लहान प्रतिकृती ठेवली आहे. तिचे काका सैन्यात होते, त्यामुळे त्यांच्या घरात ही गोष्ट सांगितली जायची. इथे तिने वेळ लिहिली नाही, फक्त "संध्याकाळी, घाई न करता" असं लिहिलं.

एकाच गोष्टीला घड्याळ लागणार होतं. फुदम गावात गंगेश्वर आहे. समुद्राच्या काठी खडकात पाच शिवलिंगं, आणि भरतीच्या लाटा येऊन त्यांना आंघोळ घालतात. ओहोटीला गेलं तर नुसते दगड बघून यायचं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. कोकणात हिशेब आहे, की तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा वाजता. मी तो घरी ऐटीत करून दाखवला. पण तो मुंबई-कोकणच्या बाजूचा. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते, काठियावाडला तो जसाच्या तसा चालत नाही. तिथे पोचल्यावर कुणाही कोळ्याला विचारायचं, आणि दुसऱ्या दिवसासाठी पन्नास मिनिटं पुढे जायचं, एवढं पुरे. बाबांना हे फार आवडलं. समुद्राचं पाणी पंचांगाप्रमाणे चालतं हे त्यांनी पारावर चार जणांना सांगितलं.

खर्च सगळा मिळून आम्ही चाळीस हजार धरलाय. यंदा कापसाला पावसाने मारलं, तेव्हा चाळीस हजार म्हणजे काय ते घरात सगळ्यांना कळतं. बाबा त्यावर एकदाच बोलले, "डॉक्टरला याच्याहून जास्त दिले." कुणी काही उत्तर दिलं नाही. मग ते उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

सोमनाथ परतीच्या शनिवारी ठेवलंय. नव्या देवळाशेजारी अहिल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधलेलं जुनं देऊळ आहे. तिला त्यातच बसायचंय. मायने पूजेसाठी एकशे एक रुपये दिलेत, पुडीत बांधून. "माझ्याकडून आहेत, तुमच्याकडून काही नको," असं वर सांगितलं. बायकोने पुडी पर्समध्ये ठेवली.

काल खोलीसाठी फोन केला. समोरचा माणूस हिंदीत भराभर बोलत होता: किती पॉइंट करणार, गाडी लावून देऊ का, सोमनाथ-गीर पॅकेज आहे, सकाळी सहाला गाडी दारात येईल. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, खोलीला गॅलरी आहे का आणि गॅलरीत खुर्च्या किती. तो म्हणाला, एक आहे, पण आणखी एक टाकून देतो. समुद्राच्या बाजूची खोली रोज तीनशे रुपये जास्त. तिने ती पक्की केली.