मूळ फाईल कुठे ठेवलीत?

दिवाळीत गावी, नात्याला गेलो होतो. (महाडहून रायगडाकडे जाताना लागतं ते नाते. सी. डी. देशमुखांचं जन्मगाव.) पुतण्या संगणकावर 'स्कायरिम' लावून बसलेला. २०११ सालचा गेम. खेळत मात्र नव्हता. भिंती, दगड, बर्फ, झाडांच्या साली यांवरची जुनी चित्रं बदलून नवी टाकत होता. टेक्स्चर मॉड्स म्हणतात त्याला. सकाळपासून हेच!

"काका, जुनं फार फिकट दिसतं. सगळं ४के करतोय."

माझं मत स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल. सगळंच ४के करणं हा निव्वळ वेडेपणा आहे. १०२४ पिक्सेलच्या जागी ४०९६ चं चित्र टाकलं की लांबी-रुंदी चौपट, पण पिक्सेल सोळापट. ग्राफिक्स कार्डाची मेमरीही त्याच पटीत खर्ची पडते. ती भरली की गेम अडखळतो. तेही एकवेळ सोसेल. पण दगड एकाच्या हातचा, बर्फ दुसऱ्याच्या, दरवाजा तिसऱ्याच्या... प्रत्येक वस्तू एकेकटी सुंदर, आणि सगळं मिळून बेसूर. तो फिकटपणा त्या थंड मुलखाला शोभत होता की!

हे सगळं त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "नाही आवडलं तर मॉड बंद करायचा. मूळ फाईल आहे तशीच आहे." आणि दाखवलंनही. मॉड ऑर्गनायझरमध्ये प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरात राहतो, गेमच्या फोल्डरात जातच नाही. नावापुढची बरोबरची खूण काढली, गेम पुन्हा सुरू केला, की जुना दगड हजर.

मी गप्प झालो.

कारण आदल्याच दिवशी पंचक्रोशीतल्या एका देवळात जाऊन आलो होतो. जीर्णोद्धार झालाय म्हणे. काळ्या दगडावर ऑईलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, खांबांवरची नक्षी रंगाखाली बुजलेली. इथं कुठली खूण काढणार? वाळूचा फवारा मारून रंग उतरवायला जावं, तर दगडाचंच कातडं निघतं.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजींचं नाव कोरलेलं आहे. उद्या कुणी भक्तिभावानं तिच्यावर ग्रॅनाईट बसवला तर? गडाला निदान पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. गावच्या देवळांना कोण आहे?

भक्तीला माझा विरोध नाही. गळकं छप्पर जरूर दुरुस्त करा, दगड पाण्यानं धुवा. पण ज्याला हात लावल्यावर मागे फिरता येत नाही, तिथं हात आखडता घ्या. खोट्या जगातल्या खोट्या दगडासाठी एक पोरगा एवढी काळजी घेतो. खऱ्या दगडासाठी आपण बादलीभर रंग घेऊन निघतो.

'आपण' म्हणालो ते उगाच नाही. त्या टाइल्ससाठी ५०१ रुपयांची पावती मीही फाडली होती. न विचारता.