आधी चाळीस जणांत जा
पायकॉन इंडियाचं तिकीट, बंगळुरूचं रिझर्व्हेशन, दोन रात्रींची राहायची सोय आणि वर बुडालेली अटेंडन्स. एवढं सगळं जमवून मोठ्या टेक कॉन्फरन्सला जायचं आणि परत येताना आणायचं काय? स्टिकर्स, एक टी-शर्ट (तोही डबल एक्सएल, कारण मीडियम संपलेला असतो) आणि इन्स्टाची स्टोरी. माझं म्हणणं सरळ आहे. एसवाय-टीवायला असाल, तर पहिली कॉन्फरन्स मोठी नकोच.

पायकॉन वाईट आहे असं नाही. 2009 मध्ये बंगळुरूत सुरू झालेली ही परिषद स्वयंसेवकांनी उभी केली, 2011 मध्ये ती आपल्या पुण्यातही झाली. तिथली भाषणं चांगलीच असतात. पण ती नंतर यूट्यूबवर फुकट येतात की! नाही कळलं तर मागे नेऊन परत बघता येतात. व्हिडिओत मिळत नाहीत ती माणसं. आणि शेकड्यांच्या गर्दीत पहिल्यांदा गेलेल्याला नेमकी तीच भेटत नाहीत. एकाच कॉलेजची चार पोरं एकत्र बसतात, एकत्र जेवतात, एकत्र परततात. स्पीकरभोवती आधीच ओळखीच्यांचं कोंडाळं असतं.

त्याउलट एखादा छोटा मीटअप बघा. फॉस युनायटेडचे असे मीटअप पुण्या-मुंबईत होतात. जागा कुणाचं तरी ऑफिस किंवा कॉलेजचा वर्ग, माणसं तीस-चाळीस, प्रोजेक्टर पहिली दहा मिनिटं रुसलेला. पण बोलून झालं की स्पीकर तुमच्याच शेजारी चहा घेत उभा असतो. त्याला तुम्ही मराठीत विचारू शकता. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भरल्या हॉलमध्ये माईक हातात घेऊन इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हटलं की आपल्यातल्या कित्येकांचा प्रश्नच घशात अडकतो. कोड येत असतं, वाक्य येत नसतं. चाळीस जणांत ती भीड चेपते. पुढच्या वेळी पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक द्यायची हिंमतही होते. विषय? तुमचा अर्धवट प्रोजेक्ट चालेल.

छोट्या कार्यक्रमात कधी कधी भाषण पार फसतं, कधी कुणी आपल्या कंपनीचं प्रॉडक्टच विकत बसतं. मान्य. पण गेली ती एक दुपार आणि बसचं भाडं.

खरी अडचण नांदेड-चंद्रपूरकडच्या मुलांची. जवळपास मीटअपच होत नसेल तर हा हिशेब बदलतो. मग मोठ्या परिषदेलाच जा, पण खिशातून सगळं घालण्याआधी आर्थिक मदतीचा अर्ज करा. डेबियनच्या डेबकॉन्फला प्रवास, राहणं, जेवण यासाठी बर्सरी मिळते, त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. 2023 ची डेबकॉन्फ तर कोचीलाच झाली होती. शिवाय व्हॉलंटियर म्हणून नाव द्या. रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसलेल्या मुलीला दोन दिवसांत जेवढी माणसं ओळखतात, तेवढी पहिल्या रांगेत बसून नोट्स घेणाऱ्याला ओळखत नाहीत.

आणि पायकॉनला गेलातच, तर डेव्हस्प्रिंट सोडू नका. ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारी माणसं तिथे तुमच्यासोबत लॅपटॉप उघडून बसतात, तुमचा पहिला पॅच तपासून देतात. तो बहुतेकदा भाषणं संपल्यानंतरच्या दिवशी असतो, आणि नेमकी तेव्हाच आपली पोरं स्टेशनवर असतात. परतीची गाडी त्या रात्रीची काढा.