नमुन्यावांचून गोधडी

आपल्या घरांत लुगड्याचें आयुष्य मोठें असे. आधीं तें सणावारीं नेसावयाचें, मग रोज. मध्यें विरलें कीं फाडून दांड घालावयाचा. पुढें त्याचीं दुपटीं व्हावयाचीं, आणि उरेल तें गोधडीच्या पोटांत जावयाचें. १८७७ सालीं सुरू होऊन २००२ सालीं बंद पडलेल्या आमच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचीं धोतरें ज्या पिढीनें नेसलीं, तिच्या गोधड्या अद्याप कांहीं घरांत माळ्यावर सांपडतील. त्यांतील एकीसही नमुना नाहीं. मिळेल तो तुकडा, बसेल तेथें लावलेला.

हीच विद्या गेल्या थंडींत येथें फी देऊन शिकविण्यांत आली. धंतोलीकडे दोन दिवसांचा एक वर्ग भरला होता. आंखणी न करितां, मोजपट्टी न लावितां पांघरूण जुळवावयाचें, असा त्याचा विषय. आमच्या वाचक भगिनींपैकीं कांहींजणी त्यास गेल्या होत्या, आणि आम्हींही एक दुपार तेथें बसून पाहिलें. विणकामाच्या पुस्तकांवरून टांके मोजण्यांत ज्यांची हयात गेली, त्यांस कात्री कोठें लावावी हेंच सुचेना. एका बाईंनीं तीनदां विचारलें, "पण किती इंच?" शिकविणाऱ्या बाई म्हणाल्या, "डोळ्यांना बरें वाटेल तितके." रीत तशी सोपी आहे. दोन पट्ट्या जोडाव्या, तो जोड आडवा कापून त्यास तिसरी लावावी, आणि असे चार-सहा तुकडे भिंतीवर टांचून दहा पावलांवरून पाहावे. तुकडा आपली जागा स्वतःच सांगतो असें म्हणतात. आम्हांस दिसलें तें इतकेंच, कीं तो कोठें बसणार नाहीं एवढें सांगतो. आणि तेवढें पुरतें.

या रीतींत एक अडचण मात्र आहे. तिरपें कापलेलें कापड ओढलें कीं वाढतें. असे तुकडे आधीं एकमेकांस शिवून मग अस्तरावर घातले म्हणजे मधोमध फुगवटा येतो. वर्गांत दोघी-तिघींचें तसें झालें. आपल्या गोधडीस ही पीडा नाहीं. आपण आधीं अस्तर जमिनीवर ताणून पसरतों, त्यावर जुन्या कापडाचे थर घालतों, आणि वरचा प्रत्येक तुकडा कड दुमडून धांवदोऱ्यानें सर्व थरांतून एकदमच शिवतों. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडील सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, तीही अशीच : कडेपासून आरंभ करून फेरे घालीत मध्यापर्यंत यावयाचें, आणि शेवटीं चारी कोपऱ्यांस घडी घातलेल्या चिंध्यांचीं 'फुलें' लावावयाचीं. फुलांवांचून कवंदी त्यांस उघडीबोडकी वाटते. नवशिक्यांनीं हीच रीत धरावी असें आमचें मत आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. आमच्या पांढरपेशा घरांतील पुष्कळशा गोधड्या घरच्या बायकांनीं शिवलेल्या नाहींत. दिवाळीनंतर दुपारीं दारीं येणाऱ्या बायका ओसरीवर बसून त्या शिवीत, आणि मजुरी दर गोधडीमागें ठरे. वर्गाची फी ज्यांनीं मुकाट्यानें भरली, त्यांनीं ती मजुरी ठरवितांना मात्र घासाघीस केली असती, असा आमचा दाट संशय आहे.

परदेशांत या कामास मान मिळाला तोही उशीराच. अमेरिकेंतील आलाबामा संस्थानांत जीज बेंड म्हणून एक खेडें आहे. तेथील गुलामांच्या वंशांतील काळ्या बायकांचीं पांघरुणें २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत चित्रांप्रमाणें भिंतीवर लागलीं, आणि २००६ सालीं टपालाच्या तिकिटांवर आलीं. त्यांपैकीं मिसूरी पेटवे या बाईंनीं १९४२ सालीं आपल्या मृत पतीच्या कामाच्या कपड्यांचें पांघरूण शिवलें होतें.

तें आम्हांस वारंवार आठवलें, याचें कारण असें. महालांतील एका मोठ्या घरच्या धाकट्या सूनबाई दिवंगत सासूबाईंचीं चार लुगडीं वर्गास घेऊन आल्या होत्या. दुपारीं थोरल्या जाऊबाईंचा निरोप आला कीं, त्यांस कात्री लावूं नये. धाकट्या रडकुंडीस आल्या. ट्रंकेंत ठेवून काय होणार, हा त्यांचा प्रश्न खरा होता. जरीचें रेशीम घडीवरच तुटतें, आणि कसर लागते ती निराळीच. परंतु थोरल्यांचा हक्कही खोटा नव्हता. लुगडीं साऱ्या घराचीं होतीं, आणि तीं केव्हां नेसलीं गेलीं हें एकट्या त्यांसच ठाऊक होतें. आम्हांस विचारलें तेव्हां आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, कापण्यापूर्वीं त्यांस बोलवा. दुसऱ्या दिवशीं त्या आल्या. चारही लुगडीं सतरंजीवर उलगडून कोणतें मंगळागौरीचें, कोणतें नातवाच्या बारशाचें, हें त्यांनीं सांगितलें, आणि दोन सुती लुगडीं स्वतःच पुढें केलीं. रेशमी दोन तशींच राहिलीं. आतां तिघी जावांसाठीं तीन गोधड्या होत आहेत. तिहींत एकच कांठ वांटून घातला आहे, आणि धाकटीची कोणत्या बाजूनें संपवावी याबद्दल अजून वाद आहे.

यंदा कोणास आरंभ करावयाचा असेल तर कापड सुतीच घ्यावें. कृत्रिम धाग्याचें कापड घाम शोषीत नाहीं. आंतील सर्व कापडें आधीं धुऊन वाळवून घ्यावीं, नाहीं तर पहिल्या धुण्यांत एक आटतें आणि दुसरें लोंबतें. थर चारांहून अधिक असल्यास सुई जाड घ्यावी व अंगुस्तान घालावें. पहिली गोधडी पाळण्याएवढीच करावी. मोठी गोधडी भिजली म्हणजे इतकी जड होते कीं, गच्चीवर न्यावयास दोघी लागतात.